विश्लेषण : १३ पैकी १३ सामने जिंकूनही जेतेपदाची संधी का नाकारली? ‘फ्लोरिडा स्टेट’चा वाद काय होता?

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा माजी क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याने एप्रिल २०२५ च्या अखेरीस निवृत्ती जाहीर केली. तेव्हा पंचविशीच्या उंबरठ्यावर असलेल्या ट्रॅव्हिसला ‘एनएफएल’मधील न्यूयॉर्क जेट्सने २०२४ मध्ये निवडले होते. मात्र २०२३ मधील पायाची दुखापत पूर्ण बरी झाली नाही आणि व्यावसायिक साखळीत एकही सामना न खेळता त्याला थांबावे लागले. अमेरिकेत एरवी या बातमीची दखल क्रीडा पानावरच्या चार ओळींत घेतली गेली असती. परंतु याच दुखापतीमुळे एका अपराजित संघाला राष्ट्रीय विजेतेपदाच्या शर्यतीतून बाहेर बसवण्यात आले होते. त्यावरून फ्लोरिडाच्या राज्यपालांनी अर्थसंकल्पात तरतूद सुचवली, महान्यायवादींनी चौकशी सुरू केली आणि विद्यापीठ आपल्याच साखळीविरुद्ध न्यायालयात गेले. ते प्रकरण नेमके काय होते, याचा हा आढावा.

कॉलेज फुटबॉलचा विजेता ठरतो कसा?

अमेरिकी फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा आणि फेकण्याचा खेळ. त्यात क्वार्टरबॅक हा प्रत्येक चढाईचा सूत्रधार असतो. विद्यापीठांच्या पातळीवरील या खेळाची तिथली लोकप्रियता आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांवरून लक्षात येणार नाही. फ्लोरिडा स्टेटच्या टॅलाहसी येथील डोक कॅम्पबेल स्टेडियमची क्षमता २०२३ मध्ये पाऊण लाखाहून अधिक होती आणि मोठ्या विद्यापीठांच्या तुलनेत ते मधल्या आकाराचेच मानले जाई.

अडचण अशी, की २०२३ मध्ये या खेळाच्या सर्वोच्च श्रेणीत १३३ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात जेमतेम १२ सामने. शरीराची इतकी झीज करणारा खेळ आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा खेळता येत नाही. त्यामुळे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणे अशक्य. संघ प्रादेशिक साखळ्यांमध्ये विभागलेले असतात आणि प्रत्येक साखळीचा विजेता मैदानावर ठरतो. पण राष्ट्रीय विजेता कोण, याचे उत्तर अनेक दशके पत्रकार आणि प्रशिक्षक मतदानाने देत. १९९८ पासून मतदान आणि संगणकीय गुणांकन यांची सांगड घालून दोन संघांत अंतिम लढत ठेवली जाऊ लागली. २०१४ मध्ये चार संघांची ‘प्लेऑफ’ पद्धत आली. उपांत्य फेरीचे ते चार संघ निवडण्याचे काम १३ सदस्यांच्या समितीकडे सोपवण्यात आले. समितीत विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू असतात. स्वतःच्या विद्यापीठाचा विषय निघाला की सदस्याने बाजूला व्हायचे, असा नियम आहे. कोणी कोणाला मत दिले हे मात्र जाहीर होत नाही.

महत्त्वाच्या साखळ्या पाच आणि जागा चार, हा पेच पहिल्या दिवसापासून होता. दरवर्षी कुणी तरी हरून गणित सोपे करत गेले, म्हणून नऊ वर्षे निभावले.

फ्लोरिडा स्टेटचा हंगाम कसा होता?

फ्लोरिडा स्टेट हे जुने संस्थान. १९९३, १९९९ आणि २०१३ असे तीनदा राष्ट्रीय विजेते. पुढे घसरण झाली. २०२० मध्ये माइक नॉर्व्हेल प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा पहिल्या वर्षी संघाने तीन सामने जिंकले, सहा गमावले. दुसऱ्या वर्षी खालच्या श्रेणीतील जॅक्सनव्हिल स्टेटकडून घरच्या मैदानावर, अगदी अखेरच्या क्षणी हार पत्करावी लागली. ती नाचक्की चाहते विसरलेले नाहीत. त्यानंतर नॉर्व्हेल यांनी इतर विद्यापीठांतून खेळाडू आणून संघ बांधला. ट्रॅव्हिस त्यांच्याआधीच, २०१९ मध्ये, लुइव्हिल विद्यापीठातून आला होता. बचावपटू जॅरेड व्हर्स अल्बनीहून, ब्रेडन फिस्क वेस्टर्न मिशिगनहून, तर झेल घेणारा कीऑन कोलमन मिशिगन स्टेटहून आला. बहुतेक जण अन्यत्र दुर्लक्षित राहिलेले किंवा लहान विद्यापीठांतले.

२०२३ ची सुरुवात ३ सप्टेंबरला ऑर्लँडोत लुइझियाना स्टेटवर ४५-२४ अशा विजयाने झाली. पराभूत संघाचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स याने त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा हाइसमन पुरस्कार जिंकला, यावरून या विजयाचे वजन लक्षात येते. बोस्टन कॉलेजविरुद्ध हातात आलेला सामना निसटता निसटता ३१-२९ असा राखला. २३ सप्टेंबरला क्लेम्सनच्या मैदानावर खरी कसोटी लागली. तिथे फ्लोरिडा स्टेट २०१३ नंतर जिंकलेले नव्हते. संघ पिछाडीवर असताना केलेन डिलोचने प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेला चेंडू उचलून ५६ यार्डांची धाव घेतली आणि बरोबरी साधली. अखेरच्या दोन मिनिटांत क्लेम्सनची सोपी वाटणारी किक हुकली. जादा वेळेत कोलमनने झेल घेतला, ३१-२४. असे सामने ज्या हंगामात जिंकले जातात, त्या हंगामाबद्दल चाहत्यांना वेगळेच काही वाटू लागते.

ऑक्टोबरभर संघ सहज जिंकत गेला. नोव्हेंबरच्या मध्यावर दहापैकी दहा विजय, समितीच्या साप्ताहिक क्रमवारीत चौथे स्थान आणि हाइसमनच्या चर्चेत ट्रॅव्हिसचे नाव, अशी स्थिती होती.

मग १८ नोव्हेंबरला काय घडले?

प्रतिस्पर्धी होता नॉर्थ अलाबामा, म्हणजे खालच्या श्रेणीतील संघ. हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात खेळाडूंना थोडी उसंत मिळावी म्हणून असे सामने ठेवले जातात. पहिल्याच सत्रात चेंडू घेऊन स्वतः धावलेल्या ट्रॅव्हिसला पकडताना त्याचा डावा पाय खाली दुमडला. स्ट्रेचरवरून त्याला बाहेर नेण्यात आले, तेव्हा संघ पिछाडीवर होता. पुढे सामना ५८-१३ असा जिंकला, पण मैदानात उत्साह असा नव्हताच.

तीनच दिवसांनी जाहीर झालेल्या क्रमवारीत फ्लोरिडा स्टेट चौथ्यावरून पाचव्या स्थानी गेले. जिंकूनही घसरण. ओहायो स्टेट नंतरच्या आठवड्यात हरल्याने चौथा क्रमांक परत मिळाला, त्यामुळे त्या इशाऱ्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

राखीव क्वार्टरबॅक टेट रोडमेकरने २५ नोव्हेंबरला कडवा प्रतिस्पर्धी असलेल्या फ्लोरिडा विद्यापीठाविरुद्ध संघ सांभाळला. ०-१२ अशा पिछाडीनंतर ट्रे बेन्सनने तीनदा गोलरेषा ओलांडली आणि संघ २४-१५ असा जिंकला. मात्र या सामन्यात रोडमेकरच्याही डोक्याला मार बसला. साखळीच्या अंतिम लढतीसाठी उरला तो प्रथम वर्षाचा ब्रॉक ग्लेन. त्याने २ डिसेंबरला शार्लट येथे लुइव्हिलविरुद्ध आयुष्यातील पहिला सामना सुरुवातीपासून खेळला. २१ पैकी आठच फेक अचूक, मिळवलेले अंतर अवघे ५५ यार्ड. तरीही संघ १६-६ असा जिंकला, कारण बचावफळीने लुइव्हिलला एकदाही गोलरेषा ओलांडू दिली नाही. तेरा सामने, तेरा विजय, साखळीचे विजेतेपद.

त्या शनिवारी गणित कुठे बिघडले?

टॅलाहसीपासून दूर, अटलांटात. तिथे आग्नेय साखळीच्या अंतिम सामन्यात सलग २९ सामने अजिंक्य असलेल्या जॉर्जियाला अलाबामाने २७-२४ असे हरवले. जॉर्जिया जिंकले असते तर जॉर्जिया, मिशिगन, वॉशिंग्टन हे तीन अपराजित संघ आत होते आणि चौथे नाव बहुधा फ्लोरिडा स्टेटचेच असते. जॉर्जिया हरल्याने एक पराभव असलेला अलाबामा साखळी विजेता म्हणून दारात उभा राहिला.

अलाबामाचा तो एकमेव पराभव टेक्सासकडून, तोही घरच्या मैदानावर ३४-२४ असा झाला होता. टेक्साससुद्धा एका पराभवासह आपल्या साखळीचे विजेते. म्हणजे अलाबामाला घ्यायचे तर टेक्सासला वगळता येत नाही. जॉर्जियाच्या एका पराभवामुळे एकाच्या जागी दोन दावेदार आले आणि दोन जागांसाठी तीन संघ झाले. आग्नेय साखळीचा विजेताच बाहेर ठेवणे हा आणखी एक मार्ग होता. पण प्लेऑफच्या इतिहासात त्या साखळीचा एकही संघ नाही, असे एकही वर्ष गेलेले नव्हते.

रविवारी, ३ डिसेंबरला निकाल जाहीर झाला. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवे. आठवड्यापूर्वी टेक्सास सातव्या आणि अलाबामा आठव्या क्रमांकावर होते. चार संघांच्या पद्धतीत पाच प्रमुख साखळ्यांपैकी एखाद्या साखळीचा अपराजित विजेता वगळला जाण्याची ही पहिलीच वेळ. त्याच दिवशीच्या असोसिएटेड प्रेसच्या पत्रकार मतदानात फ्लोरिडा स्टेट चौथे आणि अलाबामा पाचवे होते, हेही नोंदवायला हवे. दूरचित्रवाणीसमोर एकत्र बसलेल्या खेळाडूंचे सुन्न चेहरे देशभर थेट दिसले.

समितीचे म्हणणे काय होते?

समितीचे अध्यक्ष बू कॉरिगन यांनी सांगितले, की ट्रॅव्हिसविना हा संघ पहिल्या ११ आठवड्यांतील संघ राहिलेला नाही. (कॉरिगन हे तेव्हा नॉर्थ कॅरोलिना स्टेटचे क्रीडा संचालक, म्हणजे फ्लोरिडा स्टेटच्याच अटलांटिक कोस्ट साखळीतले. त्यामुळे ‘त्यांच्या माणसांनी डाव साधला’ हा आरोप तितकासा टिकत नाही.) समितीच्या नियमावलीत यासाठी आधार होता. प्रमुख खेळाडू वा प्रशिक्षक अनुपलब्ध असेल आणि त्याचा पुढील सामन्यांतील कामगिरीवर परिणाम होण्याची शक्यता असेल, तर ते विचारात घ्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. नियम मोडला गेला नाही.

वाद नियमाच्या अर्थावरून होता. समितीने ‘सर्वोत्तम’ संघ निवडायचे की ‘सर्वाधिक पात्र’? पात्रता मागे पाहून ठरते, कुणाला हरवले आणि किती वेळा. सर्वोत्तम कोण हे पुढे पाहून, आज सामना झाला तर कोण जिंकेल या अंदाजावर. रणजी करंडकात साखळी फेरीचे सगळे सामने जिंकलेल्या संघाला, कर्णधाराचे बोट मोडले म्हणून बाद फेरीत प्रवेश नाकारला तर काय होईल, याची कल्पना केली की टॅलाहसीतील संताप समजतो.

समितीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. ग्लेनचा तो ५५ यार्डांचा सामना सर्वांनी पाहिला होता आणि त्या बळावर मिशिगनपुढे उभे राहणे कठीणच दिसत होते. पण उपांत्य सामना १ जानेवारीला होता आणि तोवर रोडमेकर परतण्याची अपेक्षा होती. रोडमेकरसह संघ हरलेला नव्हता, ग्लेनसहही नव्हता. शिवाय अलाबामाही काही निर्विवाद नव्हते. आठवडाभर आधी ऑबर्नविरुद्ध शेवटच्या संधीवर, गोलरेषेपासून ३१ यार्ड अंतरावरून जेलन मिलरोने फेकलेला चेंडू आयझाया बाँडच्या हाती पडला म्हणून ते २७-२४ असे वाचले होते. तो झेल सुटला असता तर हा लेखाजोखा मांडण्याची वेळच आली नसती.

आणखी एक दाखला समितीच्या विरोधात जातो. २०१४ मध्ये, प्लेऑफच्या पहिल्याच वर्षी, ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले होते. तिसऱ्या पसंतीच्या कार्डेल जोन्सला घेऊन त्यांनी साखळीची अंतिम लढत ५९-० अशी जिंकली, समितीने त्यांना चौथे स्थान दिले आणि ते राष्ट्रीय विजेते झाले. फरक इतकाच, की जोन्सने निवडीच्या आदल्या दिवशी धुव्वा उडवून दाखवला होता आणि ग्लेनने तसे काही केले नाही. पण मग निकष विजयाचा नव्हे, विजय किती देखणा आहे याचा झाला.

सामन्यांचे प्रक्षेपण हक्क असलेल्या ‘ईएसपीएन’ने आग्नेय साखळीला झुकते माप दिल्याचा संशयही तेव्हा जोरात होता. त्याला पुरावा पुढे आला नाही. अटलांटिक कोस्ट साखळीचे हक्कही त्याच वाहिनीकडे आहेत.

ट्रॅव्हिसची प्रतिक्रिया या सगळ्यात वेगळी होती. आपला पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे हा संघ एका क्वार्टरबॅकपुरता नाही हे लोकांना दिसले असते, अशा आशयाचे त्याने समाजमाध्यमावर लिहिले.

पुढे काय झाले?

सांत्वन म्हणून मिळालेल्या ऑरेंज बोलमध्ये ३० डिसेंबरला मायामी गार्डन्स येथे जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे चिरडले. बोल सामन्यांच्या इतिहासातील हे सर्वात मोठे अंतर. ‘बघा, समिती बरोबर होती’ असे लगेच म्हटले गेले. पण त्या दिवशी खेळला तो संघच वेगळा होता. ट्रॅव्हिससह दोन डझनांहून अधिक खेळाडू मैदानात नव्हते. कुणी व्यावसायिक निवडीपूर्वी दुखापत नको म्हणून, कुणी दुसऱ्या विद्यापीठात निघाल्यामुळे. रोडमेकरही त्यांतच होता. जिंकणारे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनीच सामन्यानंतर ही व्यवस्था दुरुस्त करायला हवी, असे म्हटले. त्या निकालावरून कोणतीच बाजू सिद्ध होत नाही. अलाबामा उपांत्य फेरीत मिशिगनकडून जादा वेळेत २०-२७ असे हरले आणि मिशिगन पुढे वॉशिंग्टनला ३४-१३ असे नमवून विजेते ठरले.

राजकारण्यांनी संधी सोडली नाही. राज्यपाल रॉन डिसँटिस तेव्हा अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत होते. त्यांनी संभाव्य खटल्यासाठी १० लाख डॉलरची तरतूद सुचवली. महान्यायवादी अ‍ॅश्ली मूडी यांनी समितीकडून कागदपत्रे मागवली. निवड बदलली नाही.

अधिक दूरगामी लढाई पैशांची होती. अटलांटिक कोस्ट साखळीतील विद्यापीठांनी आपले प्रक्षेपण हक्क २०३६ पर्यंत साखळीला देऊन टाकले आहेत, तर आग्नेय आणि बिग टेन या साखळ्यांचे करार कितीतरी मोठ्या रकमांचे आहेत. बाहेर पडण्याची भाषा फ्लोरिडा स्टेटने ऑगस्ट २०२३ मध्येच, म्हणजे हंगामाआधीच सुरू केली होती. त्यामुळे निवडीतील अन्यायामुळे खटला भरला असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. साखळीत राहून अपराजित हंगामही पुरेसा नाही, हा युक्तिवाद त्यांना आयता मिळाला, इतकेच. २२ डिसेंबरला विद्यापीठाने टॅलाहसीच्या न्यायालयात दावा दाखल केला. साखळीने एक दिवस आधीच नॉर्थ कॅरोलिनात दावा ठोकला होता. बाहेर पडण्याची एकूण किंमत ५७.२ कोटी डॉलर होते, असा विद्यापीठाचा हिशेब होता. अखेर मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. साखळीच्या उत्पन्नातील मोठा भाग आता प्रेक्षकसंख्येनुसार वाटला जाईल आणि बाहेर पडण्याचे शुल्क टप्प्याटप्प्याने ७.५ कोटी डॉलरपर्यंत खाली येईल.

आता असे घडू शकेल का?

२०२४ पासून प्लेऑफ १२ संघांचा झाला आणि क्रमवारीतील पहिल्या पाच साखळी विजेत्यांना थेट प्रवेश मिळू लागला. हीच पद्धत एक वर्ष आधी असती तर फ्लोरिडा स्टेटला समितीच्या मनात काय आहे याची फिकीर करावी लागली नसती. गंमत म्हणजे २०२२ च्या सुरुवातीला विस्ताराचा प्रस्ताव अडवणाऱ्यांत अटलांटिक कोस्ट साखळीचाही समावेश होता.

समितीचे अंदाज संपलेले नाहीत, फक्त वाद चौथ्या-पाचव्या क्रमांकावरून अकराव्या-बाराव्या क्रमांकावर सरकला. डिसेंबर २०२४ मध्ये शेवटच्या जागेसाठी सदर्न मेथडिस्टला पसंती मिळाली आणि तीन सामने गमावलेले अलाबामा बाहेर राहिले, तेव्हा तक्रारीची पाळी त्यांची होती. २०२५ मध्ये १४ किंवा १६ संघांची चर्चा सुरू होती.

फ्लोरिडा स्टेटला मात्र नव्या दारापर्यंत पोहोचताच आले नाही. त्या संघातील दहा खेळाडू एनएफएलने निवडले. व्हर्स पहिल्याच वर्षी तिथला सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. मागे उरलेल्या संघाने २०२४ ची सुरुवात डब्लिनमध्ये जॉर्जिया टेककडून झालेल्या पराभवाने केली आणि हंगाम दोन विजय व दहा पराभवांवर संपवला.

२०२५ चा हंगाम ३० ऑगस्टला टॅलाहसीत सुरू झाला. पहिल्या सामन्याचा प्रतिस्पर्धी वेळापत्रकात काही वर्षांपूर्वीच ठरलेला होता : अलाबामा.